हॅना कुठल्या अंकात होती

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पुण्यातल्या बहिणीला नाही, शाळेतल्या ज्या मैत्रिणीबरोबर इतकी वर्षं डबा वाटून खाल्ला तिलाही नाही. सुरुवातीला वाटायचं, यात सांगण्यासारखं आहे तरी काय? आणि पुढे सांगायला हवं असं वाटायला लागलं, तेव्हा — आता कशाला, असंही वाटायला लागलं. मधली वेळ कधी होऊन गेली कळलं नाही. नाही, हेही खरं नाही. ती वेळ माझ्यासमोर सोफ्यावर येऊन बसली होती. मी तिला चहा दिला. पण ते नंतर.

आधी एक सांगते — मी दमलेय. त्यामुळे फार नीट, ओळीनं सांगता येईल असं नाही. इथे ओमानमध्ये, सोहारमध्ये आयुष्याचा मोठा भाग गेला, आणि त्यातला बहुतेक एका इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवण्यात. नवरा इथल्या पोर्टवर नोकरीला आहे. मागच्या उन्हाळ्यात मी शाळा सोडली. आता दुपारी एसी लावून पडून राहते, आणि पडून राहिलं की एका बाईचं नाव डोक्यात येतं. हॅना. माझी तिची ओळख नाही. कुणाचीच नाही. का नाही, तेच सांगायचंय.

पुण्यात एम.एस्सी. झाल्यावर मी पीएच.डी.ला नाव घातलं होतं. विषय माझ्या गाईडनी दिला — अमेरिकेतली सुरुवातीची गणिताची नियतकालिकं. ऐकणाऱ्याला हसू यायचं. अमेरिकेतलीच का, आणि सुरुवातीचीच का? मलाही आधी तसंच वाटलं. पण सरांकडच्या फोटोकॉपी वाचायला लागले आणि त्यात अडकले. एकोणिसाव्या शतकाची सुरुवात. देश नवा, कॉलेजं थोडी, गणितात संशोधन म्हणजे काय हे धड कुणाला माहीत नाही. आणि अशात कुणी शाळामास्तर, कुणी जमिनी मोजणारा, कुणी पंचांगं तयार करणारा उठतो आणि गणिताचं मासिक काढतो. थोडीशी पानं. या अंकात प्रश्न, पुढच्या अंकात वाचकांनी पाठवलेली उत्तरं. एखाद्या अवघड प्रश्नाला बक्षीस. उत्तरं पाठवणारे पुष्कळदा खरं नाव द्यायचे नाहीत, काहीतरी टोपणनाव घ्यायचे. छापखान्यात गणिताच्या चिन्हांचे खिळे नसायचे. वर्गणीदार मिळायचे नाहीत. मग कुठल्यातरी अंकात संपादक वाचकांची क्षमा मागणार, की पुढचा अंक जरा उशिरा येईल — आणि तो पुढचा अंक काही यायचा नाही. काही वर्षांनी दुसऱ्या गावात दुसरा कुणीतरी हेच पुन्हा सुरू करायचा. मोठी, टिकलेली नियतकालिकं आली ती फार नंतर, शतक उतरणीला लागल्यावर. मला मात्र ही आधीची, बंद पडलेलीच आवडायची.

मग लग्न झालं, सोहारला आले, प्रबंध राहिला. कुणी सोडायला लावला असं नाही. नवरा म्हणाला होता, इथून कर की, मध्ये मध्ये पुण्याला जात जा. मीच केला नाही. पण 'मी यावर संशोधन करत होते' हे वाक्य मात्र मी सोडलं नाही. स्टाफरूममध्ये, मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला, पालकसभेत — जागा सापडेल तिथे वापरलं. लक्षात येतंय का मी काय म्हणतेय? ज्या कामाच्या पहिल्या एक-दोन खंडांपलीकडे मी गेलेच नव्हते, त्या कामाची मी इथे तज्ज्ञ होते. सोहारमध्ये मला तपासणार कोण?

अस्मिता दहावीच्या वर्षी माझ्या वर्गात आली. तिचे बाबा इथल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनीअर, मूळचे नागपूरचे. आई घरीच असायची. इथली मुलं आपसात इंग्रजीच बोलतात, तीही तेच बोलायची, पण माझ्याशी वर्गाबाहेर मराठीत बोलायचा प्रयत्न करायची — एकेक शब्द चाचपत, जसं कुणी दुसऱ्याच्या घरात अंधारात चालावं. गणित सुटलं तरी हात वर करायची नाही. सुटलं की पेन्सिल आडवी ठेवून खिडकीबाहेर बघत बसायची. त्यावरून मला कळायचं.

त्या जुन्या मासिकांची नक्कल म्हणून मी वर्गाच्या मागच्या सॉफ्टबोर्डवर एक खेळ चालवायचे. आठवड्याला एक प्रश्न. मुलांनी उत्तरं टाचायची, टोपणनावानं चालेल. मुलगे फुटबॉलपटूंची नावं घ्यायचे. एकदा मी भूमितीतला एक प्रश्न लावला, जो माझा मला फार खटाटोप करून सुटला होता. एका सकाळी त्याचं उत्तर लागलेलं दिसलं. खाली नाव नव्हतं. माझ्या उत्तरापेक्षा ते लहान होतं आणि कितीतरी सुंदर होतं. अक्षर मी ओळखलं. वर्गात मी कौतुकानं तिचं नाव घेतलं, तर मागून कुणीतरी म्हणालं, इंटरनेटवरून कॉपी. वर्ग हसला. मीही — लहानशीच गोष्ट आहे, पण सांगतेच आहे तर सांगते — मीही थोडं हसले. वर्ग हातात ठेवायचा असला की शिक्षक हसतात तसं.

मधल्या सुट्टीत ती व्हरांड्यात थांबली होती. त्या दिवशी शमाल सुटला होता, वायव्येकडून येणारं वारं. मैदानातली बारीक वाळू उडत होती, वर्गांची दारं आपटत होती. मला वाटलं ही रडणार. ती रडली नाही. तिनं विचारलं,

"मॅडम, त्या जुन्या मॅगझिन्समध्ये आन्सर पाठवणारी कोणी लेडी होती का?"

खरं उत्तर माझ्याकडे होतं. मला माहीत नाही. मी पुरतं वाचलेलंच नाही, त्यामुळे मला माहीत नाही. असतीलही — टोपणनावांच्या मागे कोण कोण होतं कुणाला ठाऊक? एवढं जरी म्हटलं असतं तरी ते खरं झालं असतं, आणि त्या मुलीला ते पुरलंही असतं, असं मला आता वाटतं. ती हुशार होती. तिला 'माहीत नाही'चा अर्थ कळला असता.

मी म्हटलं, "होती ना. एक होती."

"कोण?"

आणि मी बोलत सुटले. नाव हॅना, कारण तेच पटकन सुचलं. समुद्रकाठच्या गावात राहायची. भावाचं दुकान होतं, जहाजांना दोरखंड आणि शिडाचं कापड पुरवायचं. भाऊ तरुणपणीच वारल्यावर तीच ते चालवायची, आणि गिऱ्हाईक नसलं की गल्ल्यावर बसून मासिकातले प्रश्न सोडवायची. उत्तरं पाठवायची 'नॉर्थ विंड' या नावानं. हे टोपणनाव कुठून आलं? बाहेर वारं होतं म्हणून आलं. मग बक्षिसाच्या प्रश्नाला नॉर्थ विंडचं उत्तर सगळ्यांत चांगलं ठरलं, संपादक त्या गृहस्थांना भेटायला मुद्दाम त्यांच्या गावी गेला, आणि दुकानात बघतो तर ही. त्यानं विचारलं, तुमचं खरं नाव छापू का? ती म्हणाली, नाव नको, उत्तर छापा.

नाव नको, उत्तर छापा. हे मी तिथल्या तिथे रचलं. बोलता बोलता मलाच ते इतकं आवडलं की अंगावर काटा आला. आयुष्यात माझ्या तोंडून निघालेलं तेवढं एकच चांगलं वाक्य असेल, आणि ते अशा बाईच्या तोंडी आहे जी कधी जन्मलीच नाही.

पुढच्या आठवड्याच्या उत्तराखाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं — नॉर्थ विंड. वर्ष संपेपर्यंत तिथे अस्मिता असं लिहिलेलं दिसायला लागलं. हात वर करायला लागली. मागच्या बाकावरचे मुलगे तिच्याकडे अडलेलं विचारायला जायला लागले.

तुम्ही म्हणाल, मग यात बिघडलं काय? शिक्षिकेनं एका मुलीला धीर यावा म्हणून गोष्ट सांगितली. मीही स्वतःला हेच सांगत आले. आणि इथेच थांबलं असतं तर कदाचित मी हे लिहीतही बसले नसते.

तिची बारावी चालू होती तेव्हा तिचे बाबा शाळेत मला भेटायला आले. हाफ डे टाकून आले होते, अंगावर कारखान्याचा निळा शर्ट तसाच होता. त्यांच्या मनात मुलीला इंजिनीअरिंगला घालायचं होतं. अवघड नव्हतं, तिला कुठेही मिळालं असतं. पण ती म्हणत होती, मला नुसतं गणित करायचंय.

"घरी त्या हॅनाबाईंचं सांगत असते," ते म्हणाले. "मॅडम, ते लिहून आहे ना कुठे?"

मी विचारलं, म्हणजे?

ते जरा अवघडले. मग म्हणाले, "राग मानू नका. आमच्या वडिलांनी आम्हाला एक शिकवलं, ऐकीव गोष्टीवर चालायचं नाही. सांगोवांगीनं आमच्या लोकांचं फार नुकसान केलं. लिहून असेल, वाचून बघता येत असेल, तर मानायचं. म्हणून विचारलं."

व्हरांड्यात मुलीला सांगितलं तेव्हा मी उभी होते, घाईत होते, वारं सुटलं होतं. त्या दिवशी मी खुर्चीत बसले होते. समोरच्या माणसानं सरळ प्रश्न विचारला होता, आणि तो का विचारला तेही सांगितलं होतं. मला फक्त इतकंच म्हणायचं होतं, की ती गोष्ट माझी आहे, पण तुमच्या मुलीचं डोकं खरं आहे. तिला गणित करू द्या. त्यांनी ऐकलं असतं? मला वाटतं ऐकलं असतं. पण मग मी कोण उरले असते त्यांच्यापुढे?

"हो," मी म्हटलं. "लिहून आहे. तो अंक मी स्वतः वाचलाय."

त्यांनी मान हलवली. "मग ठीक आहे," म्हणाले, आणि उठले.

अस्मिता पुण्याला गणिताला गेली. तिथून अमेरिकेला. मी शाळेत सगळ्यांना सांगत होते, माझी विद्यार्थिनी. एके दिवशी तिचा फोन आला, तिनं पीएच.डी.चा विषय नक्की केला होता. अमेरिकेतली सुरुवातीची गणिताची नियतकालिकं, आणि त्यात टोपणनावांनी लिहिणारे लोक. "मॅडम, तुमचंच काम पुढे नेतेय मी," ती म्हणाली. मराठी आता पुष्कळ सुधारलं होतं तिचं. आवाजात इतका आनंद होता की मी भिंतीला टेकून उभी राहिले. मग तिनं विचारलं, हॅना कुठल्या अंकात आहे?

बघून सांगते, मी म्हटलं.

काही महिने मी बघून सांगतच राहिले. परीक्षा आहेत, पाहुणे आहेत, कागद कुठल्यातरी खोक्यात आहेत बहुतेक. ती घाई करायची नाही. तिच्या विचारण्यात कधी संशय नव्हता, त्याचंच मला ओझं व्हायचं. संशय असता तर मला चिडता तरी आलं असतं.

त्याच सुमारास इथल्या किनाऱ्यावर ते चक्रीवादळ आलं. सोहारच्या पुढे, मस्कतच्या वाटेवरच्या बरक्याच्या बाजूला, गावंच्या गावं चिखलात गेली. आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या घरात छातीएवढं पाणी होतं. तिच्या मुलांची पुस्तकं, कपडे, लग्नाचे फोटो, काही राहिलं नाही. आम्ही सगळ्याजणी चादरी, भांडी, तांदळाची पोती घेऊन गेलो होतो. आमच्या घरी काय झालं? पाणी फाटकापर्यंत आलं आणि परत गेलं. पायरीवरची कुंडीसुद्धा हलली नाही.

अस्मिताचा मेसेज आला, मॅडम तुम्ही ठीक आहात ना? मी लिहिलं, आम्ही सुखरूप. पण माझे संशोधनाचे सगळे जुने कागद गेले.

मी हे लिहिलं तेव्हा अंगणात होते. शेजारच्या गॅरेजमधून कुणीतरी भिजलेले गालिचे काढून भिंतीवर वाळत टाकत होतं. लोकांचं खरोखरचं गेलेलं माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी त्यातून माझ्यासाठी एक सोय काढली. खलास, प्रश्न मिटला, असं वाटलं. हलकं वाटलं मला, काय सांगू.

तिचं उत्तर लगेच आलं. वाईट वाटून घेऊ नका मॅडम, तुमच्यासाठी मी शोधून काढते.

आणि ती शोधायला लागली. त्या काळातली सापडतील तेवढी सगळी नियतकालिकं. पिवळी पडून तुकडे होणारी पानं, ती ग्रंथालयात बसून एकेक उलटायची. किनाऱ्यावरच्या गावांची जुनी वर्तमानपत्रं. चर्चमधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. मला मेसेज यायचे. एक हॅना सापडलीय, पण दुकान नाही. एक दुकान सापडलंय, पण तिथला भाऊ म्हातारा होऊन वारला. टोपणनावांमध्ये काय काय विचित्र नावं होती ती मला हौसेनं कळवायची. नॉर्थ विंड नव्हतं. मी काय करायची? वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवायची. छान, म्हणायची. एकदा तर मी लिहिलं, चिकाटी सोडू नकोस. खरंच लिहिलं. हे माझ्या हातून कसं लिहिलं गेलं, असं विचारू नये मी स्वतःला — हात माझाच होता.

एकदा तिनं अगदी जपून विचारलं, मॅडम, असं होऊ शकतं का, की तुम्ही दुसरीकडे कुठे वाचलेलं यात मिसळलं असेल? इतक्या वर्षांपूर्वीचं आहे.

दार तिनं स्वतः उघडून धरलं होतं. मला नुसतं आत जायचं होतं. हो गं, झालं असेल तसं, एवढं म्हटलं असतं तरी ती सुटली असती. तेसुद्धा खोटंच झालं असतं, पण तिला मोकळं करणारं. मी लिहिलं, नाही, मला स्वच्छ आठवतंय.

का? मी याचं उत्तर बरेचदा शोधलं. वय झालंय, आठवणीत घोटाळा होतो, असं तिला वाटू नये म्हणून? इतकं क्षुल्लक कारण असेल? असेल. मला दुसरं सापडलेलं नाही.

तिच्या गाईडनं तिला सांगितलं की या प्रकरणाला आधार नाही, हे सोडून बाकीचं पुरं कर. ती सोडेना. कसल्यातरी बैठकीत चार प्रोफेसर समोर बसले होते आणि त्यांनी विचारलं, ही बाई होती असं तुला कशावरून वाटतं? ती म्हणाली, माझ्या शाळेतल्या मॅडमनी तो अंक स्वतः वाचलाय, आणि त्या मनानं काही सांगणाऱ्यातल्या नाहीत. हे मला तिनंच फोनवर सांगितलं, थोडं हसत. ते लोकही हसले होते म्हणे. मी ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर कुकर लावला.

शेवटी ती डिग्री न घेता परत आली. याला दुसरीही कारणं होती — एकटेपणा होता, मध्ये आजारपण झालं, गाईडशी बिनसलं होतं. ती कारणं मी तुम्हाला सांगतेय कारण ती खरी आहेत, मला त्यांच्या आड उभं राहायचंय म्हणून नाही. किती माझ्यामुळे आणि किती कशामुळे, हे मला मोजता येत नाही. मोजून बघायची इच्छाही मी कधी केली नाही.

गेल्या हिवाळ्यात तिचे बाबा रिटायर झाले. घर आवरायला ती सोहारला आली, आणि जायच्या आदल्या दिवशी मला भेटायला आली. दुपार होती. नवरा ड्यूटीवर होता. मी दार उघडलं तर क्षणभर ओळखलंच नाही — केस बारीक कापलेले, बारीक झालेली, चष्मा. नागपुरात एका कंपनीत परीक्षांचे प्रश्न तपासायचं काम करते म्हणाली. बरं आहे, घराजवळ आहे. मी चहा केला, चिवडा दिला. सामान किती झालं, कार्गोवाला कसा वेळेवर येत नाही, आईचे गुडघे — असं सगळं बोलून झालं. मग ती कप दोन्ही हातांत धरून बसली होती.

"मॅडम, मला एक बोलायचं होतं," ती म्हणाली. "फोनवर नको वाटलं."

मला वाटलं, कळलंय हिला. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. आता ही बोलेल, मी मान खाली घालीन, आणि संपेल एकदाचं.

ती म्हणाली, "मला हॅना सापडली नाही. मी खूप शोधलं. तुम्ही मला इतकं दिलंत, तुमचे कागद गेले तेव्हा मी प्रॉमिस केलं होतं तुम्हाला. आणि मी कुठेतरी कमी पडले. ती आहे तिथे, पण मला नाही सापडली. आय अ‍ॅम सॉरी, मॅडम."

एसीचा आवाज येत होता. बाहेर पाण्याचा टँकर उभा होता, त्याचा पाइप कुणीतरी फरपटत नेत होतं. माझ्या आतून 'आता सांग' असा काही आवाज आला असता तर लिहायला बरं झालं असतं. तसं काही आलं नाही. मी तिच्याकडे बघत होते आणि मला एवढंच वाटत होतं की हे लवकर संपावं.

मी उठून तिच्याजवळ जाऊन बसले. तिच्या पाठीवर हात ठेवला.

"असू दे गं," मी म्हटलं. "तू प्रयत्न केलास ना? मला काही वाईट वाटलेलं नाही."

हेच सांगायला मी इतकं फिरून आले. हॅना रचली, ते नाही. तिच्या बाबांशी खोटं बोलले, वादळाचं निमित्त केलं, तेही आहेच — पण ते सगळं एका बाजूला ठेवलं तरी हे उरतं. त्या मुलीनं माझी क्षमा मागितली आणि मी ती दिली. मोठ्या मनानं दिली. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि रडून झाल्यावर म्हणाली, आता बरं वाटतंय. मी तिला नॅपकिन आणून दिला.

थोड्या वेळानं तिचे बाबा गाडी घेऊन आले. मी त्यांना आत बोलावलं, पण ते फाटकातच थांबले. ती आत तोंड धूत होती तेवढ्यात हळू आवाजात म्हणाले,

"मॅडम, तुम्ही तिला जरा समजावून सांगा. ती स्वतःलाच दोष देऊन राहिली. आमचं ऐकत नाही, तुमचं ऐकेल."

"सांगितलं मी तिला," मी म्हटलं.

"बरं केलं," ते म्हणाले. त्यांनी हात जोडले. ती बाहेर आली, वाकून माझ्या पाया पडायला लागली, मी तिला मध्येच धरलं. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी फाटकात उभी होते. मग आत येऊन कप विसळले.

दुसऱ्या दिवशी ते तिघं मस्कतहून नागपूरला गेले. तिचे मेसेज येतात अजून, सणावाराला, माझ्या वाढदिवसाला. मीही उत्तर देते. तिला मी यातलं काही कळवलेलं नाही, तिच्या बाबांनाही नाही.

हॅना कुठल्याच अंकात नव्हती. अस्मितानं शोधण्यात काहीही कसूर केली नव्हती. तिनं सगळं बघितलं आणि तिला जे उत्तर मिळालं ते बरोबर होतं. ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.